वाचकांचे प्रश्न : बोल नसलेला बोलपट

प्रश्न : रॉनी बार्कर यांचा 'फटॉक्स एंड' हा संवादविरहित विनोदी चित्रपट पाहिला. त्याला मूकपट म्हणता येईल काय? आणि तो एका हवेलीतच का घडतो?

उत्तर : त्याला मूकपट म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. मूकपटातील पात्रे बोलत असत, पण ते बोलणे ऐकू येत नसल्यामुळे प्रेक्षकांसाठी पाट्या दाखवाव्या लागत; दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्येही (१९१३) त्या होत्या. बॉब केलेट यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९७० सालच्या या जेमतेम पाऊण तासाच्या चित्रपटात आवाज भरपूर आहेत. पात्रे पुटपुटतात, गुरगुरतात, हुंकार देतात. कळण्याजोगा शब्द तेवढा कुणाच्या तोंडून येत नाही. शब्द वगळून उरलेला हा आवाज संगीत आणि इतर ध्वनींच्या जोडीने विनोद पेलतो. म्हणून हा चित्रपट पाहण्याइतकाच कान देऊन ऐकावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हवेलीची निवड मला फार समर्पक वाटते. इंग्लंडमधील अशा घरात कोण धनी आणि कोण नोकर हे पोशाखावरून, चालण्यावरून आणि कोण कोणत्या दाराने आत येतो यावरूनच समजते, त्यामुळे ओळख करून देण्यासाठी एकही वाक्य खर्चावे लागत नाही. शिवाय सुट्टीसाठी पाहुणे जमले की बटलरने काही न बोलता सारे पाहावे आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये, अशी तिथली रीतच होती. बार्कर यांनी रंगवलेला जनरल फटॉक लक्षात राहतो हे खरे; पण मायकेल हॉर्डर्न यांचा बटलर मला अधिक मोलाचा वाटतो, कारण नाटकात भारदस्त वाणीसाठी नावाजलेल्या या नटाने इथे केवळ पुटपुटण्यावर आणि मुद्रेवर भूमिका उभी केली आहे. पटकथा स्वतः बार्कर यांची आहे. शब्दांशी खेळणारे विनोदकार म्हणून ते पुढे दूरचित्रवाणीवर घराघरांत पोहोचले, हे ध्यानात घेतले की शब्द बाजूला ठेवण्यातले त्यांचे धाडस जाणवते.

चित्रीकरण झाले ती ग्रिम्स डाइक ही वास्तू लंडनच्या वायव्येस हॅरो वील्ड येथे आहे. संगीतिकांचे शब्दप्रभू डब्ल्यू. एस. गिल्बर्ट १८९० पासून १९११ मधील मृत्यूपर्यंत याच घरात राहत होते.