फोटोतले कपडे बदलताना चेहरा का बदलतो, आणि तो कसा जपायचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील गेल्यानंतर त्यांचा एकच नीट फोटो हाताशी आहे. अंगात लाल टी-शर्ट, हाताची घडी, मनगटावर घड्याळ. मोठा प्रिंट काढायचा म्हणून तुम्ही एआयकडून कोट घालून घेतला. कोट छान आला, पण आई म्हणाल्या, "हे ते नाहीत." आणि तुम्ही विचारताय की प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला दिलेली सूचना, आणखी चांगला कसा लिहायचा.

प्रॉम्प्टवर आता वेळ घालवू नका. आईंचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यामागे ठोस तांत्रिक कारण आहे.

ही साधनं फोटोतला कपडा काढून दुसरा बसवत नाहीत, ती चित्र नव्याने रंगवतात. स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या एआयच्या घराण्यातली मॉडेलं फोटोवर थेट काम करत नाहीत. आधी ती त्याचं आटवलेलं रूप तयार करतात, ज्यात प्रत्येक बाजू ८ पटींनी लहान झालेली असते. ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा फोटो मॉडेलच्या हाती ६४ बाय ६४ चौकटींचा होऊन पोचतो. कमरेपर्यंतच्या फोटोत चेहरा ८० पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या वाट्याला आडव्या १० चौकटी येतात आणि एका डोळ्याला जेमतेम दोन. हसताना एका बाजूला जरा जास्त ओढला जाणारा ओठ किंवा एका पापणीचा किंचित झुकाव एवढ्याशा जागेत मावत नाही. आटवलेलं रूप परत पिक्सेलमध्ये येताना तिथे 'साधारण असा माणूस' काढला जातो. बाहेरच्याला फरक कळणार नाही, पण चाळीस वर्षं तो चेहरा समोर पाहिलेल्या माणसाला पहिल्या नजरेत कळतो. मास्क लावून, म्हणजे चित्राचा कोणता भाग बदलायचा आणि कोणता नाही ते आखून, चेहरा वगळला तरी तेवढ्याने भागत नाही. शेवटी मूळ पिक्सेल वरून परत बसवले नाहीत, तर चेहराही त्याच फेरीतून जाऊन येतो.

फ्लक्स कॉन्टेक्स्ट किंवा जेमिनीतलं चित्र-संपादन यांसारखी 'नुसतं सांगा, बदलून देतो' पद्धतीची साधनं २०२५ मध्ये आली आणि चेहरा बराच सांभाळू लागली. तरीही ती संपूर्ण चित्र नव्याने काढूनच परत देतात. म्हणून एक गोष्ट पक्की धरा: एआयकडून फक्त कोट घ्यायचा. चेहरा, केस, मान, हात आणि मागची भिंत मूळ फोटोतलीच राहिली पाहिजे.

त्यासाठी फोटोशॉप लागेलच असं नाही, मोफत मिळणारं गिंपही पुरतं. त्यात चित्रं एकावर एक थरांत, म्हणजे लेयरमध्ये, ठेवता येतात. खालच्या लेयरवर मूळ फोटो ठेवा आणि वरच्या लेयरवर एआयने दिलेलं चित्र. दोन्ही एका मापात आणून डोळ्यांवर डोळे नेमके जुळवा. मग वरच्या लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे तो खालच्या लेयरमध्ये कसा मिसळतो ती सेटिंग, 'डिफरन्स' करा. जिथे दोन चित्रं सारखी आहेत तिथे काळं दिसेल, बदल झालाय तिथे उजळ. कोट उजळणारच. पण भुवया आणि ओठांची कडही उजळलेली दिसली, की आईंना काय खटकलं ते तुमच्याही डोळ्यांसमोर येईल. त्यानंतर मोड नॉर्मल करा, वरच्या लेयरला काळा मास्क लावा (त्याने तो लेयर पूर्ण झाकला जातो) आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त कोटाचा भाग उघडा. तुमच्याकडे आधी आलेला कोट चांगला असेल, तर कदाचित एवढ्यावरच काम होईल.

कोट पुन्हा करून घ्यायचा असेल, तर मास्क नव्या कपड्याच्या मापाचा काढा. बहुतेक जण इथेच चुकतात. टी-शर्टच्या कडेने काटेकोर मास्क काढतात आणि मग कोट अंगाला चिकटलेला का दिसतो ते त्यांना कळत नाही. कोटाचा खांदा टी-शर्टच्या खांद्याबाहेर जातो, बाही मनगटापर्यंत उतरते, कॉलर मानेवर वर चढते. तुमच्या फोटोत कोपरापासून मनगटापर्यंतचे उघडे हातही मास्कमध्ये घ्यावे लागतील आणि खांद्याबाहेर थोडी भिंतसुद्धा. मात्र बोटं आणि घड्याळ मास्कबाहेर राहू द्या.

डीनॉइझिंग स्ट्रेंथ, म्हणजे मॉडेलने मूळ चित्र किती बदलायचं ते सांगणारा ० ते १ मधला आकडा, बदलाच्या आकारावर ठरते. त्याच शर्टचा रंग बदलायचा तर ०.४ च्या आसपास पुरतं. टी-शर्टचा कोट करायचा असेल तर ०.९ किंवा त्याहून वर जावं लागतं, नाहीतर लालसर, टी-शर्टसारखी लोंबणारी काहीतरी जाकिटासारखी वस्तू मिळते. पण इतकं वर गेलं की मूळ हाताची ठेवण मॉडेल विसरतं. मग हाताची घडी सुटते किंवा तिसरी बाही उगवते. ती ठेवण धरून ठेवायला कंट्रोलनेट हे जोडसाधन आहे. ते मॉडेलला मूळ फोटोतून काढलेला आराखडा देतं: ओपनपोझ म्हणजे शरीराचा रेषांचा सांगाडा, डेप्थ मॅप म्हणजे काय जवळ आणि काय लांब याचा नकाशा. हाताच्या घडीसाठी मी ओपनपोझपेक्षा डेप्थ मॅप पसंत करतो, कारण सपाट सांगाड्यावरून कोणता हात वर आणि कोणता खाली हे नीट कळत नाही. डेप्थ मॅपची अडचण अशी की तो टी-शर्टचाच आकार कोटावर लादतो. त्याचं वजन निम्म्यावर आणा आणि शेवटच्या टप्प्यांत त्याचा ताबा सोडा, म्हणजे कोटाला स्वतःचा फुगवटा मिळतो.

आता मनगटाकडे या. मला विचाराल तर अख्ख्या फोटोचा खरेपणा तिथे ठरतो. कोटाची बाही जिथे संपते तिथून शर्टाचा कफ जरासा बाहेर दिसायला हवा. घड्याळ त्या कफच्या काठाला लागूनच दिसतं. घडी घातलेल्या हाताची बोटं दुसऱ्या बाहीवर टेकलेली असतात, म्हणजे बोटांखाली कापड थोडं दबलेलं हवं आणि प्रत्येक बोटाच्या एका बाजूला बारीक सावली हवी. मूळ फोटोत बोटं टी-शर्टवर किंवा उघड्या दंडावर होती, त्यामुळे ही सावली तुम्हालाच घालावी लागणार. कोटाच्या लेयरच्या वर एक नवा लेयर घ्या, खालचा रंग गडद करणारा मल्टिप्लाय मोड लावा आणि कोटाच्याच रंगाची गडद छटा बारीक मऊ ब्रशने बोटांच्या कडेने फिरवा, बोटांवर जाऊ देऊ नका. प्रकाश कुठून येतोय ते नाकाच्या सावलीवरून ठरवा. एवढं केलं की हात कोटावर टेकतो, नाहीतर तो हवेत तरंगत राहतो.

लाल टी-शर्टची एक खोडही आहे. कपडा स्वतःचा रंग आसपास सांडतो. वडिलांच्या हनुवटीच्या खालचा भाग मोठा करून पाहा, तिथे लालसर झाक असेल. वर पांढरा शर्ट आणि गडद कोट आला, पण हनुवटीखाली लाली तशीच राहिली, तर बघणाऱ्याला नेमकं बोट ठेवता येत नाही, पण डोकं चिकटवल्यासारखं वाटतं. उजेड-सावली तशीच ठेवून फक्त रंग बदलणाऱ्या कलर मोडमध्ये नवा लेयर घ्या, गालाचा रंग उचला आणि हनुवटीखाली अगदी हलक्या हाताने फिरवा. चेहऱ्याला हात लावायची परवानगी मी एवढ्याच कामासाठी देईन.

प्रिंटचं माप आधी ठरवा. ८ बाय १० इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, आणि बरीच मॉडेलं १०२४ पिक्सेलच्या आसपास काम करतात. कोट ताणून मोठा केला तर चेहरा रेखीव आणि कोट मऊ, असं दिसेल. म्हणून इनपेंटिंगमध्ये, म्हणजे मास्कमधला भाग नव्याने रंगवून घेताना, 'फक्त मास्कचा भाग' हा पर्याय निवडा आणि आधी डावी बाजू, मग उजवी, मग कॉलर असे तुकडे करा. शेवटी २०० टक्के मोठं करून पाहा. जुन्या फोटोला स्वतःचा दाणा असतो, एआयचा कोट गुळगुळीत येतो. कोटाच्या लेयरवर तितकाच ग्रेन, म्हणजे दाणा, टाका. प्रत्येक नवा प्रयत्न मूळ फाइलपासून करा. बदललेल्याच चित्रावर पुन्हा पुन्हा बदल करत गेलात, तर दर फेरीला चेहरा थोडा आणखी पुसला जातो.

व्हर्च्युअल ट्राय-ऑन, म्हणजे कपडा अंगावर कसा दिसेल ते दाखवणारी साधनं, वापरून पाहू का, असंही तुम्ही विचारलंय. आयडीएम-व्हीटॉन, कॅटव्हीटॉन ही त्यातली नावं. एका विशिष्ट कपड्याचा फोटो देऊन तोच अंगावर बघायचा असेल तर ती उपयोगी आहेत. पण या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा व्हीटॉन-एचडी हा मॉडेलला शिकवण्याच्या फोटोंचा संच माणूस आणि कपडा अशा १३,६७९ जोड्यांचा आहे आणि त्यात समोरून काढलेले स्त्रियांचे फोटो आणि अंगावरचे टॉप आहेत. हाताची घडी घातलेला वयस्क पुरुष आणि कोट हा त्याचा प्रांत नाही. आणि अशा चित्रावरून मापाचा अंदाज कोणी बांधू नये. मॉडेलला छातीचे सेंटीमीटर माहीत नसतात, ते कपडा सगळ्यांच्याच अंगावर छान बसवून दाखवतं.

एक अनुभव सांगतो, कारण त्यानंतर माझा एक नियम ठरला. एका कुटुंबासाठी मी त्यांच्या आजोबांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आखूड बाह्यांचा करून दिला होता. काम सफाईदार झालं होतं. आजोबांच्या मुलीने पाहिलं आणि विचारलं, "भाजल्याचा डाग कुठे गेला?" तो डाग बाहीखाली होता. मला दिसला नव्हता, मॉडेलला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मॉडेलने तिथे कोणाचा तरी हात काढला आणि मी तो त्यांचा म्हणून दिला. त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी कपडा वाढवतो, कमी करत नाही. जी त्वचा फोटोत नाही ती मी निर्माण करत नाही.

कपडे उतरवून दाखवणाऱ्या ॲपबद्दल इथे अधूनमधून कोणीतरी विचारतं, त्यांनाही माझं हेच उत्तर आहे. कपड्याखालचं शरीर फोटोत नसतंच. ते ॲप एक खोटं शरीर काढून जिवंत माणसाच्या चेहऱ्याखाली लावतं, आणि लाज मात्र त्या माणसाला सोसावी लागते. त्या कामात मी कोणालाही मदत करणार नाही. साध्या कपड्यांच्या बाबतीतही फोटोतल्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नये. तुमच्या बाबतीत विचारायचं ते आईंना आणि भावंडांना. वडिलांनी आयुष्यात कधी कोट घातला होता का, हेही त्यांनाच विचारा. घातला असेल तर तो कोणत्या रंगाचा होता ते कळेल आणि तुमच्या प्रॉम्प्टमधली ती एक ओळ खरोखर उपयोगाची ठरेल. नसेल घातला, तर कदाचित त्या साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट सुचवतील, आणि तो करायला कोटापेक्षा सोपाही आहे.

हा फोटो ओळखपत्राला वापरू नका, तिथे असे बदल बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. नातेवाइकांना पाठवताना कोट नंतर घातलाय हे सोबत लिहा. आणि लाल टी-शर्टचा मूळ फोटो वेगळ्या नावाने दोन ठिकाणी जपून ठेवा.

मोठा प्रिंट काढण्याआधी पोस्टकार्डाएवढा एक काढा आणि काही न सांगता आईंच्या हातात द्या. त्या आधी कोटाकडे बघतात की चेहऱ्याकडे, ते पाहा. अजून काही खटकलं तर मनगटाचा आणि हनुवटीचा भाग मोठा करून मला दाखवा, तिथून पुढे बघू.