सलीमची खंत आणि अनातोलियातला पंचनामा

प्रश्न : 'सरफरोश' परवा पुन्हा पाहिला आणि इन्स्पेक्टर सलीम पुन्हा एकदा मनात घर करून राहिला. आपल्याकडच्या तपासपटांत मुस्लिम पात्र आले की ते संशयित तरी असते, खबऱ्या तरी, नाहीतर स्वतःची निष्ठा सिद्ध करत राहणारा अधिकारी तरी. ज्यांत मुस्लिम समाज हाच कथेचा रोजचा परिसर आहे आणि दहशतवाद हा विषय नाही, असे चांगले तपासपट सुचवाल का? (एक वाचिका, मिरज)

उत्तर : आपण मांडलेली वर्गवारी कठोर असली, तरी खोटी नाही. 1999 च्या 'सरफरोश'चे मोठेपण एवढेच, की सलीमला त्याच्या धर्मापायी तपासातून बाजूला सारले जाते, ही गोष्ट तो आडपडद्याशिवाय सांगतो आणि मुकेश ऋषी यांच्यासारख्या, एरवी खलनायक रंगवणाऱ्या नटाकडून ती खंत वदवून घेतो. पण त्या चित्रपटातही सलीमला घर, गल्ली, शेजारपाजार जवळजवळ नाही. त्याला आहे तो केवळ प्रश्न. आपल्याला हवा तसा चित्रपट शोधायचा, तर ज्या देशांत मुस्लिम असणे ही सांगण्यासारखी गोष्टच नसते, तिथे जावे लागते.

माझ्या यादीत पहिला क्रमांक नुरी बिल्गे जेलान या तुर्की दिग्दर्शकाच्या 2011 मधल्या 'वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया'चा. एक फौजदार, एक सरकारी वकील, एक डॉक्टर आणि हातकड्या घातलेला आरोपी रात्रभर माळरानावर प्रेत शोधत फिरतात, कारण ते नेमके कुठे पुरले हे आरोपीला आठवत नाही. पाणवठा होता आणि एक गोल झाड होते, एवढेच तो सांगतो, आणि अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागात, तसली झाडे नि तसले पाणवठे पावलोपावली आहेत. मध्यरात्री ही मंडळी एका खेड्यात मुखत्याराच्या, म्हणजे गावच्या मुखियाच्या, घरी जेवायला थांबतात. जेवताना तो वकिलाकडे गाऱ्हाणे मांडतो, की गावाला शवागार हवे आहे. तरुण मंडळी परदेशी गेली आहेत, बाप वारला तर मूठमाती देण्यापूर्वी त्यांना त्याचे तोंड पाहायचे असते, आणि ती येईपर्यंत प्रेत टिकत नाही. दफन लवकर करावे हा रिवाज आणि पोटासाठी दूर गेलेली लेकरे, यांच्यामध्ये सापडलेले गाव या दोन-चार वाक्यांत उभे राहते. शिवाय ज्यांच्याकडे तो हे बोलतो, ते स्वतःच एका प्रेताच्या शोधात निघालेले असतात. एवढ्यात वीज जाते आणि मुखत्याराची मुलगी दिवा नि चहा घेऊन येते. त्या उजेडात प्रत्येकाचा चेहरा जो बदलतो, तो शब्दांत सांगण्यात अर्थ नाही.

सकाळी प्रेत सापडल्यावर वकील पंचनामा सांगतो आणि लिपिक तो लॅपटॉपवर उतरवून घेतो. मृताचे वर्णन करताना वकिलाच्या तोंडून जुन्या हॉलीवूडचा देखणा नायक क्लार्क गेबल याचे नाव निघते आणि त्या भयाण जागी सगळ्यांना हसू फुटते. आपल्याला हा प्रसंग विलक्षण ओळखीचा वाटतो. पंचनाम्यातला 'नामा', फिर्याद, जबाब, हवालदार हे शब्द आपल्या चौकीत फारसी-अरबीतूनच येऊन रुळलेले आहेत, आणि सरकारी कागदाची ती संथ, कंटाळलेली लय दोन्हीकडे सारखीच आहे. या चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार विभागून मिळाला. अडीच तासांची तयारी ठेवून बसावे. घाई असलेल्यांनी वाटेला जाऊ नये.

दुसरा चित्रपट तारिक सालेह यांचा 'द नाईल हिल्टन इन्सिडेंट' (2017). 2008 मध्ये दुबईत झालेल्या लेबनानी गायिका सुझान तमीम यांच्या खुनावरून सुचलेली ही कथा दिग्दर्शकाने जानेवारी 2011 च्या कैरोत, मुबारक राजवट उलथवणाऱ्या क्रांतीच्या उंबरठ्यावर, आणून ठेवली आहे. तपास अधिकारी नूरेद्दीन घटनास्थळी येतो आणि मृत स्त्रीच्या पर्समधले पैसे बिनदिक्कत खिशात घालतो. आपला नायक हाच, हे आपण तिथेच समजून घ्यायचे. खुनाची साक्षीदार हॉटेलात साफसफाई करणारी एक सुदानी मुलगी आहे. कैरोतले सुदानी निर्वासित काय आणि इजिप्शियन पोलीस काय, दोन्हींकडे मुस्लिम आहेत, पण त्यांच्यातली दरी चित्रपट बारकाईने दाखवतो. 'मुस्लिम समाज' असे एकवचनात बोलण्याची आपली सवय त्यामुळे थोडी तरी सुटावी. चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर इजिप्तच्या सुरक्षा यंत्रणेने ते थांबवले आणि सारे कैरो मोरोक्कोतल्या कासाब्लांकात उभे करावे लागले.

प्रश्न : 'होली स्पायडर' हा इराणविषयीचा चित्रपट धर्माची बदनामी करतो, असे ऐकले. आपले मत? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : मला तसे वाटले नाही. मशहद या इराणमधल्या तीर्थक्षेत्री 2000-01 या काळात 16 स्त्रियांचे, बहुतेक देहविक्रय करणाऱ्या, खून झाले, खुनी पकडला गेला आणि 2002 मध्ये फासावर चढला. हा इतिहास आहे. अली अब्बासी यांनी 2022 च्या चित्रपटात तपास एका काल्पनिक स्त्री पत्रकाराकडे दिला आहे. खुनी कोण हे प्रेक्षकाला आरंभीच कळते, त्यामुळे रहस्य उरते ते वेगळेच : हा माणूस पुण्यकर्म करतो आहे असे मानणारे लोक किती आणि कोण? ही पत्रकार मशहदच्या हॉटेलात पोचते, तेव्हा एकट्या बाईला खोली देण्यास कारकून का-कू करतो आणि ओळखपत्र पाहिल्यावर नरमतो. या लहानशा प्रसंगात पुढच्या साऱ्या तपासाची अडचण सांगून झालेली आहे. माझा आक्षेप असलाच तर खुनांच्या चित्रणावर आहे. तिथे कॅमेरा गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो. प्रमुख भूमिकेसाठी झार आमीर इब्राहिमी यांना कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. चित्रीकरण इराणमध्ये नव्हे, जॉर्डनमध्ये झाले.

प्रश्न : भारतीय भाषांत असे काहीच नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आहे, पण मल्याळममध्ये. रंजित यांचा 'पालेरी माणिक्यम' (2009) हा टी. पी. राजीवन यांच्या कादंबरीवर बेतलेला चित्रपट उत्तर मलबारातल्या एका गावात 1957 साली, म्हणजे केरळात पहिले कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आले त्याच वर्षी, झालेल्या एका नववधूच्या मृत्यूचा माग अर्ध्या शतकानंतर काढतो. गावचा बडा जमीनदार अहमद हाजी हा संशयाच्या केंद्रस्थानी आहे, मात्र चित्रपट त्याच्याकडे 'मुसलमान' म्हणून बोट दाखवत नाही. तो त्याची जमीन, त्याचा दरारा आणि त्याच्यापुढे गप्प बसणारे सर्व जातिधर्मांचे गाव दाखवतो. त्यातली गंमत अशी, की शोध घेणारा हरिदास आणि ज्याच्यावर संशय आहे तो हाजी, या दोन्ही भूमिका मामूटी यांनीच केल्या आहेत. पहिल्यांदा पाहताना मी कथेच्या मागे धावलो. दुसऱ्यांदा केवळ हाजीची चाल, त्याचे पाहणे आणि त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्यांचे वाकलेले खांदे पाहत बसलो.