दीड वर्षाच्या मुलाला कुठली खेळणी द्यावीत?

हे बघा, बॉक्सवर एज्युकेशनल लिहिलंय म्हणून लगेच घेऊ नका. बटण दाबलं की लाईट, गाणं, एबीसीडी, म्हणजे सगळं खेळणंच करणार आणि मूल नुसतं बघत बसणार. त्यापेक्षा साधे लाकडी ठोकळे द्या आणि शेजारी बसा, ते एकावर एक ठेवेल, तिसरा ठेवताना सगळे धाडकन पडतील, परत ठेवेल, पडले की तुमच्याकडे बघून हसेल, आणि काही दिवसांनी आपोआप मोठा ठोकळा खाली ठेवायला लागेल, हे कोणी शिकवलेलं नसतं बरं का! आपला हात मधे जातोच, पण आवरा. सगळी खेळणी एकदम काढू नका, चार-पाच बाहेर, बाकीची कपाटात, मग अदलाबदल करा, जुनंच नवं वाटतं.

मोबाईलचं म्हणाल तर डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाईडलाईन्समधे २ वर्षांच्या आत बसून स्क्रीन नकोच म्हटलंय, पुढे २ ते ४ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास. आजीशी व्हिडिओ कॉल मात्र खुशाल करा, पलीकडून आजी उत्तर देते, कार्टून देत नाही. आणि कोणी बघत नसताना टीव्ही चालू ठेवू नका, आपणच मुलाशी कमी बोलतो मग.

एक महत्त्वाचं, बॅटरीवालं खेळणं आणलंच तर सेलचं झाकण स्क्रूवालं आहे ना ते बघा. बटण सेल, म्हणजे बटणासारखा छोटा चपटा गोल सेल, मुलाने गिळला तर २ तासांत अन्ननलिका जळू शकते, नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा.