जुन्या आवृत्तीची पाने पुसण्याआधी

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या सहा आवृत्त्यांची मार्गदर्शिका एकाच संकेतस्थळावर आहे. ग्राहकाने गूगलवर अडचण शोधली की तिसऱ्या आवृत्तीचे पान सर्वात वर येते, त्यातली बटणे तो सहाव्या आवृत्तीत शोधत बसतो आणि शेवटी मदतकक्षाला फोन करतो. तेव्हा जुनी पाने सरसकट काढून टाकावीत की रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्राने कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरील फाइलमध्ये) अडवावीत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते यांपैकी काहीही करू नये. या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधील एका कंपनीत मी इतवारीतल्या हार्डवेअर व्यापाऱ्यांसाठी असलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका सांभाळत होतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आम्ही करआकारणीची सगळी पाने नव्याने लिहिली. तरीही कित्येक महिने शोधात जीएसटीपूर्वीच्या व्हॅट कराचेच पान वर येत राहिले. त्याचे कारण सरळ होते. त्या पानाला कर सल्लागारांनी आणि आमच्या विक्रेत्यांनी वर्षानुवर्षे दुवे दिलेले होते, तर नव्या पानाला कोणीच ओळखत नव्हते. जुन्या पत्त्याने कमावलेली ही पत हीच तुमची खरी पुंजी आहे. पान पुसले की ती वाया जाते. ती नव्या पानाच्या नावावर करून देणे हे आपले काम आहे.

आम्ही तेव्हा घाईने जुना विभाग रोबोट्स फाइलमध्ये बंद केला. त्या फाइलने शोधयंत्राला पान वाचण्यास मनाई होते, यादीत ठेवण्यास नाही. त्यामुळे इतरांच्या दुव्यांच्या आधारावर ते पत्ते निकालांत दिसतच राहिले, फक्त त्यांच्याखालचे वर्णन नाहीसे झाले. मग आम्ही त्या पानांवर नोइंडेक्सची, म्हणजे ‘हे पान यादीत घेऊ नका’ अशी, सूचना घातली, पण ती वाचण्यासाठी शोधयंत्राने आधी पान उघडायला हवे, आणि तोच रस्ता आम्ही बंद केलेला होता. काही जण रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्सची ओळ लिहितात; तिचा विचार करणे गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून थांबवले आहे, त्यामुळे तो उपाय सुचवणारे जुने लेख वाचून वेळ घालवू नका.

तुम्ही सुरुवात चालू आवृत्तीसाठी एक कायमचा पत्ता ठरवण्यापासून करा. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत आवृत्तीच्या आकड्याच्या जागी ‘करंट’ असा शब्द असलेला पत्ता असतो आणि नवी आवृत्ती आली की त्याच पत्त्यावर नवा मजकूर येतो. तुमच्या विक्रेत्यांना, प्रशिक्षकांना, सॉफ्टवेअरमधील मदतीच्या बटणाला हाच पत्ता द्या. हे केले नाही, तर सातवी आवृत्ती आल्यावर सहावीची पाने आज तिसरीची देतात तोच त्रास देऊ लागतील.

त्यानंतर जुन्या पानांची वर्गवारी करा. यात घाई करू नका. जे पान नव्या आवृत्तीतही जवळपास तसेच आहे, उदाहरणार्थ प्रिंटर जोडण्याचे, त्याच्या जुन्या प्रतीत कॅनॉनिकल दुवा (सारख्या पानांपैकी मुख्य कोणते धरावे हे शोधयंत्राला सांगणारी खूण) घालून तो चालू पानाकडे वळवा. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ही सोय २००९ साली एकत्रितपणे जाहीर केली. शोधयंत्र तिला आज्ञा मानत नाही, केवळ शिफारस समजते. दोन पानांचा मजकूर फार वेगळा असेल तर ती दुर्लक्षिली जाऊ शकते. मार्गदर्शिका तयार करण्याच्या साधनांपैकी स्फिंक्समध्ये यासाठी मूळ पत्त्याची एक सेटिंग असते, डॉक्युसॉरसमध्ये प्रत्येक आवृत्तीला नोइंडेक्स आणि सूचनापट्टी (पानाच्या वर दिसणारी जुन्या आवृत्तीची सूचना) स्वतंत्रपणे लावता येते. मात्र एकाच पानावर कॅनॉनिकल आणि नोइंडेक्स दोन्ही देऊ नका, कारण एक म्हणते ‘माझ्याऐवजी ते पान धरा’ आणि दुसरी म्हणते ‘मला धरूच नका’.

जी आवृत्ती आता कोणीही वापरत नाही, तिची पाने ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचे सांगून आपोआप पुढे नेणाऱ्या सर्व्हरच्या संकेताने) त्याच विषयाच्या नव्या पानाकडे पाठवा. सगळी पाने मुखपृष्ठाकडे पाठवली, तर शोधयंत्र त्यांना हरवलेली पानेच समजते आणि वाचकाच्याही हाती काही लागत नाही.

राहिली ती पाने, ज्यांना नवा पर्यायच नाही. आमचे व्हॅटचे पान असेच होते. जीएसटी आल्यानंतरही मागील वर्षांच्या व्हॅट निर्धारणाची कामे चालूच होती आणि इतवारीतल्या व्यापाऱ्याला २०१५-१६ ची नोंदवही काढण्यासाठी नेमके तेच पान लागत असे. ते पुसले असते, तर त्या माणसाला आम्ही वाऱ्यावर सोडल्यासारखे झाले असते. असे पान शोधात राहू द्या, पण त्याच्या शीर्षकातच ‘आवृत्ती ३, जून २०१७ पर्यंतच्या व्यवहारांसाठी’ असे लिहा. सूचनापट्टी पान उघडल्यावर दिसते, शीर्षक मात्र सहसा निकालातच दिसते, आणि वाचक तिथेच ठरवतो की हे आपल्या कामाचे आहे की नाही.

सूचनापट्टी सगळ्याच जुन्या पानांवर हवी. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या कालबाह्य आवृत्त्यांच्या पानांवर, ही आवृत्ती असुरक्षित असून तिला आता आधार मिळत नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. तुमची पट्टी पान खाली सरकवले तरी वर दिसत राहील अशी ठेवा, कारण शोधातून येणारा वाचक पुष्कळदा थेट पानाच्या मध्यावर उतरतो. पट्टीतला दुवाही त्याच विषयाच्या चालू पानाकडे न्या.

पीडीएफ पुस्तिका विसरू नका. त्यांच्या आत नोइंडेक्सचा टॅग घालता येत नाही, म्हणून तो सर्व्हरकडून हेडरमधून, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या माहितीतून, पाठवावा लागतो, आणि विक्रेत्यांनी आपल्या संकेतस्थळांवर चढवलेल्या प्रती त्यांना फोन करूनच बदलून घ्याव्या लागतात.

हे सगळे केल्यावर लगेच फरक दिसणार नाही, कारण जुन्या पानांकडे शोधयंत्र क्वचितच फिरकते. सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनातील काढून टाकण्याची सोय साधारण सहा महिन्यांपुरतीच पान लपवते, त्यामुळे चुकीच्या मजकुराने कोणाचे नुकसान होत असेल तेव्हाच ती वापरा. त्याच साधनात प्रत्येक पत्त्यासाठी तुम्ही सुचवलेले कॅनॉनिकल पान आणि गूगलने निवडलेले पान शेजारी दिसते. ज्या दहा-पंधरा पानांमुळे मदतकक्षाला सर्वाधिक फोन येतात, त्यांची यादी करून आधी त्यांच्यापुरती ही जोडी तपासा. जिथे दोन पत्ते जुळत नसतील, तिथे तुमच्याच चालू पानांमधून त्या जुन्या पानाकडे जाणारा एखादा दुवा शिल्लक आहे का, हे प्रथम पाहा.