भाऊ नसेल तर विवाहित मुलीने वडिलांचं श्राद्ध घालावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: वडील गेल्या वर्षी श्रावणात वारले, भाऊ नाही, तुमचं लग्न झालेलं आहे. येत्या पितृपक्षात श्राद्ध तुम्ही घालू शकता का, तिथी कोणती धरायची आणि ते सासरी घालायचं की माहेरी?

घाला. चुलत भावाची वाट बघू नका आणि परवानगी कुणाचीच मागू नका.

तिथीचं आधी सांगून टाकते. वडील ज्या तिथीला गेले तीच तिथी भाद्रपदाच्या वद्य पक्षात धरायची. शुद्ध पंचमीला गेलेले असोत की वद्य पंचमीला, पितृपक्षात पंचमीच. पौर्णिमेला गेले असतील किंवा तिथी कुणालाच आठवत नसेल तर सर्वपित्री अमावास्या. अपघातात गेले असतील तर चतुर्दशी. नुसती तारीख ठाऊक असेल तर त्या वर्षीचं पंचांग काढून तिथी बघा. वर्षश्राद्ध यंदाच्या श्रावणात झालं असेल, तर पितृपक्षाला काहीच आडकाठी नाही.

आता तुम्ही ‘घालू शकते का’ असं जे विचारलंय त्याबद्दल. हे तुमच्या मनातून आलेलं नाही. कुणीतरी तुम्हाला ऐकवलंय. मलाही ऐकवलं होतं.

मी यावल तालुक्यातली. आम्ही दोघी बहिणी, नानांना मुलगा नाही. नाना माघात गेले, पहाटे. बातमी गावात फिरली तशी माणसं जमली, तिरडीचं सामान आलं आणि मग सगळं थांबलं. कारण डाग, म्हणजे चितेला अग्नी, द्यायला काकांचा मुलगा सुरतेहून यायचा होता. सुरतेची गाडी आमच्याकडे पोचेपर्यंत दुपार टळली. तोवर नाना ओट्यावर, आई उशाशी, आणि आम्ही दोघी त्यांच्या पायाशी. शेवटचं दीड वर्ष नानांचं सगळं आम्हीच केलं. आळीपाळीने जाऊन राहायचो. दवाखाना, पथ्य, रात्रीची जागरणं, अंघोळ, कपडे, सगळं. सुरतेचा भाऊ त्या काळात नानांना भेटलाही नव्हता. त्याला बोल लावत नाही, त्याची नोकरी तशी आहे. पण मडकं त्याच्या खांद्यावर दिलं आणि आम्हाला वेशीवरून मागे फिरवलं. ‘बायका पुढे येत नाहीत.’ एवढंच कारण.

दहाव्याला तापीवर आम्हाला येऊ दिलं, पण पुरुषांच्या मागे. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मग प्रत्येक जण पुढे होऊन नानांना शब्द देऊ लागला. काका म्हणाले, पोरींचं माहेर तुटू देणार नाही. भाऊ म्हणाला, शेतीची काळजी करू नका. कावळे समोरच्या झाडावर बसून होते. आईला कुणी पुढे बोलावलं नाही, आम्हालाही नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे अंघोळीला गेले. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की नानांचा जीव ज्यांच्यात होता त्यांना एकदा तरी बोलू द्यायला हवं होतं. त्याच दिवशी गंधमुक्ती, म्हणजे दुखवटा सोडण्याचा विधी, झाली, दुखवट्याच्या टोप्या-उपरणी वाटली गेली आणि भाऊ रात्रीच्या गाडीने परत गेला.

खरं भांडण झालं ते वैशाखात, आखाजीला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाणी भरायचं, त्यात वाळा टाकायचा, वर डांगर (खरबूज) किंवा आंबा ठेवायचा. पुरणपोळी, आमरस, खीर, कढी, भजी, कुरडया. गवरीचा विस्तव करून त्यावर तूप आणि सगळ्याचा एकेक घास टाकायचा, भोवती पाणी फिरवायचं आणि पितरांची नावं घ्यायची. याला आम्ही आगारी टाकणं म्हणतो. आगारी टाकल्याशिवाय कित्येक घरांत आंबा तोंडात घालत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी लेक हक्काने घरात असते, नेमका त्याच दिवशी घास मात्र तिने टाकायचा नाही. लहानपणापासून मी हे बघत आले होते आणि कधी काही वाटलं नव्हतं, कारण टाकायला नाना होते.

त्या वर्षी भावाला लग्नसराईत गाडीचं रिझर्व्हेशन मिळालं नाही. काका सकाळी येऊन म्हणाले, मी टाकतो. मी म्हटलं, आबा, तुम्ही तुमच्या घरी टाका, इथे मी टाकते. त्यावर त्यांचा आवाज चढला. तुझं गोत्र बदललं. लग्नात कन्यादान झालं तेव्हाच या घरातून गेलीस. तुझ्या हातचं नानाला पोचणार नाही.

मी म्हटलं, माघापर्यंत पोचत होतं. पेज पोचली, औषध पोचलं, शेवटचं पाणीही माझ्याच हातचं गेलं. आता तीन महिन्यांत काय बदललं?

मग ते खरं बोलले. ‘डाग माझ्या पोराने दिलाय. डाग देतो तो वारस असतो.’

तोवर आई चुलीपाशीच होती. नाना गेल्यापासून ती चारचौघांत बोललीच नव्हती. ती विस्तवाचं खापर घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘बस. नावं घे.’ मी बसले. नानांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, पणजोबांवर अडले. मला त्यांचं नावच माहीत नव्हतं. दारात उभ्या काकांनी रागारागाने ते नाव सांगितलं. मी घेतलं. नंतर आईने आजीचं, पणजीचं नाव घ्यायला लावलं. आमच्या आगारीत तोवर बायकांची नावं कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. काका न जेवता गेले. पण पणजोबांचं नाव त्यांनी अडवून धरलं नाही, आणि हे मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगते.

‘लेकीला अधिकार नाही’ हे वाक्य मात्र मला पचलं नाही. पुण्यात आल्यावर मी एका गुरुजींना गाठलं. त्यांनी पोथी उघडूनच दाखवली. महाराष्ट्रातले गुरुजी ज्या ग्रंथांवर चालतात त्यात दोन मोठे: कमलाकरभट्टांचा १६१२ सालचा निर्णयसिंधु आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यांचा १७९० च्या सुमाराचा धर्मसिंधु. दोन्हींत और्ध्वदेहिक, म्हणजे मेल्यानंतरचे विधी, आणि श्राद्ध कुणी करायचं याचा क्रम दिलेला आहे. मुलगा, नातू, पणतू, दत्तक हे आधी. ते नसतील तर पुढे पत्नी आहे, कन्या आहे, कन्येचा मुलगाही आहे. म्हणजे तापीवर आमची आई मागे उभी होती तेव्हा ग्रंथाप्रमाणेसुद्धा तिला पुढे बोलवायला हवं होतं. त्याच परंपरेत बायकांनी मंत्राशिवाय करावं अशी अट आहे, हेही त्या गुरुजींनी सांगितलं. ती अट मला मान्य नाही, मी मंत्र म्हणते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या बायका पौरोहित्य करतात, श्राद्धही सांगतात, मंत्राचा अर्थ मराठीत समजावून. कुणाचे पितर उपाशी राहिल्याचं ऐकलं नाही.

आणि ग्रंथ बाजूला ठेवायचे असतील तर सावित्रीबाईंकडे बघा. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. दत्तक मुलगा यशवंत टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं विस्तवाचं मडकं, धरायला निघाला तर भाऊबंदांनी हरकत घेतली. डाव काय होता हे कुणालाही कळेल. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. याला एकशे तीसहून जास्त वर्षं झाली, आणि आमच्या वेशीवरून अजून लेकींना मागे फिरवतात. ‘पूर्वीपासून असंच आहे’ असं मला कुणी म्हटलं की मी हे वर्ष सांगते.

आता ‘डाग देतो तो वारस’. हे गावोगाव चालतं आणि साफ खोटं आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई पहिल्या वर्गात एकत्र येतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला, आणि वडील २००५ च्या आधी गेले असले तरी तो हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पुतण्या यात फार मागे येतो. मडकं कुणी धरलं हे कायदा विचारतच नाही. मला शेताचा तुकडा नको होता, आजही ते शेत आईच्या नावावर आहे. पण नानांच्या चितेचा उपयोग कुणी दाखला म्हणून करावा याची मला चीड आली, आणि ती गेलेली नाही.

पुढचं ऐका. वर्षश्राद्धाच्या आधी सुरतेच्या भावाचा फोन आला. म्हणाला, ताई, दरवर्षी यायला मला जमणार नाही, तुझं चाललंय ते चालू दे, आबांना मी सांगतो. तो भांडत नव्हताच. त्याच्या खांद्यावर हे ओझं दुसऱ्यांनीच ठेवलं होतं. तुमच्या चुलत भावालाही एकदा सरळ विचारून बघा. बहुतेक वेळा ज्याच्या नावाने भांडण चालू असतं त्याला ते नकोच असतं.

तेव्हापासून पितृपक्षात तिथीला मी चिंचवडला घरी करते आणि आखाजीला गावी. पहिल्या पितृपक्षात, वर्ष झाल्यावर, आईच्या आग्रहाने गावीही पान केलं आणि पितर म्हणून जेवायला नानांच्या जुन्या सालदाराला, म्हणजे शेतावरच्या सालाच्या गड्याला, बसवलं. उभी हयात त्यांनी नानांच्या बरोबर केळीच्या बागेत काढली. त्यावरही काका बोलले. त्या माणसाने पहिला घास घेताना ‘नाना’ म्हणून हाक मारली, म्हणून कोण काय बोललं याचं मला काही वाटलं नाही.

सासरी की माहेरी याचं उत्तर माझ्याकडे एकच एक नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी स्वतः वडे तळून दिले, म्हणून मला सोपं गेलं. तुमच्याकडे कटकट होणार असेल तर आईकडे घाला, आई एकटी असेल तर तिथेच घालणं बरं. तुम्हाला मुलगा असेल तर घटस्थापनेच्या दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, त्याच्या हातून आजोबांचं मातामह श्राद्धही होतं. मात्र मुलगा आहे म्हणून त्याला पुढे करून स्वतः मागे राहू नका. तो नातू म्हणून करेल, तुम्ही लेक म्हणून करा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. घराण्याघराण्यात रीत वेगळी असते. वर्षश्राद्ध होईपर्यंत पितृपक्ष न करणारी घरं आहेत, पहिल्याच वर्षी भरणी श्राद्ध करणारीही आहेत. एकत्र कुटुंब आणि वाटण्या झालेलं कुटुंब यांच्यासाठी ग्रंथांतला क्रम सारखा नाही, तेव्हा कुणी पोथी घेऊन वाद घालायला आलं तर आधी घर विभक्त आहे का ते बघा. आगारीची रीत पोथीतली नाही, ती आमच्या आजी-पणजीची आहे. तुमच्याकडे ती नसेल तर मुद्दाम आणू नका. आणि तुमचा श्राद्धावर विश्वास नसेल, नुसतं लोक काय म्हणतील म्हणून विचारत असाल, तर घालूच नका. वडिलांच्या नावाने एखाद्या मुलीची फी भरा.

घालणार असाल तर गुरुजींना आधीच फोनवर स्पष्ट सांगा की यजमान मीच आहे, पाटावर मी बसणार. का-कू केली तर दुसरे बघा, आयत्या वेळी दर्भ हातात असताना वाद नको. जानव्याचा प्रश्न येतो. माझ्याकडून गुरुजींनी उपरण्यावर सव्य-अपसव्य, म्हणजे डाव्या-उजव्या खांद्याची अदलाबदल, करून घेतलं. काळे तीळ, दर्भ, माका आदल्या दिवशी आणून ठेवा, पितृपक्षात सकाळी बाजारात मिळत नाही. आणि या सगळ्याच्या आधी सातबारा काढून त्यावर आईचं आणि तुमचं नाव लागलंय का ते बघा. नसेल तर मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.