ख्रिस्ती माणूस मोबाईल, एआय आणि राजकारणाकडे कसा बघतो? बायबलमध्ये तर यातलं काहीच नाही!

सलाम. तुमचा प्रश्न असा की बायबल दोन हजार वर्षांपूर्वीचं, मग व्हॉट्सॅप, एआय, निवडणुका, रोजच्या बातम्या याबद्दल त्यातून काय घेणार. मी मिरजेचा, आमची मंडळी प्रोटेस्टंट. सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या वतीनं बोलत नाही, मला जे पटलंय ते सांगतो.

मोबाईल बायबलमध्ये नाही पण साक्ष आहे. आणि साक्ष हा आमच्यात रोजच्या वापरातला शब्द आहे बघा. घरच्या प्रार्थनेला कुणीतरी उठतं आणि साक्ष देतं, म्हणजे ऑपरेशन नीट पार पडलं, दारू सुटली, पोराला नोकरी लागली, जे असेल ते. स्वतःवर गुदरलेलं सांगायचं, ऐकीव चालत नाही. दहा आज्ञांमधली नववी आज्ञा पण तीच, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. संडे स्कूलला पाठ केलेली, पण मला वाटायचं ही कोर्टात उभं राहणाऱ्यांसाठी असणार, आपला काय संबंध.

तो संबंध २०१९ च्या महापुरात कळला. ऑगस्ट महिना, सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलेलं ५७ च्या वर. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये सांगलीवाडीची काही कुटुंबं येऊन राहिली होती, आम्ही पोरं भाकरी, ब्लँकेट, औषधं बघत होतो. रात्री एका ग्रुपवर ऑडिओ आला की कोयनेच्या भिंतीला तडा गेलाय, कराडला पाणी पोचलंय, तासाभरात सांगलीत येणार. बोलणारा एवढा घाबऱ्या घाबऱ्या बोलत होता की मी क्षणभर पण विचार न करता तीन ग्रुपवर टाकला, लोक सावध होतील म्हणून. दहा मिनिटात हॉलमध्ये गलका. एक वयस्कर मावशी होत्या, त्यांचा मुलगा म्हशींसाठी मागं राहिला होता, माडीवर. त्यांनी रेशनकार्डाची पिशवी छातीशी धरली, पायात चप्पल नाही, आणि तशाच पावसात गेटकडं चालायला लागल्या. मी धावत जाऊन अडवलं तर मला म्हणाल्या, "तूच टाकलंयस न्हवं? बघितलंस का तू?"

मी काही बघितलं नव्हतं. कोयना धरण कुठं, मी कुठं. भिंतीला काही झालं नव्हतं, मुलगा पण दोन दिवसांनी बोटीतून सुखरूप आला, पण ती रात्र त्या बाईनं भिंतीला टेकून बसून काढली आणि ती माझ्यामुळं काढली. हेतू चांगला होता हे मी स्वतःला लई वेळा सांगून बघितलं, उपयोग नाही झाला.

तेव्हापासून फॉरवर्ड म्हणजे साक्ष असं मी धरून चालतो. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे की एका साक्षीदारावरून कुणाला दोषी धरायचं नाही, दोघातिघांच्या साक्षीनं गोष्ट ठरवायची, आणि खोटा साक्षीदार सापडला तर दुसऱ्याचं जे वाईट त्यानं योजलं होतं तेच त्याला करायचं. आजची फेक न्यूज तपासायची पद्धत वेगळी काय आहे? पुराचा मेसेज असेल तर पाटबंधारेचा विसर्गाचा आकडा बघा, कलेक्टर ऑफिसनं काही सांगितलंय का बघा, दोन ठिकाणी जुळत नसेल तर पुढं ढकलू नका. एखाद्या जातीधर्माच्या लोकांबद्दल मेसेज असेल तर डबल काळजी. कारण आमच्या प्रभूवर पण खोटे साक्षीदार उभे केले होते, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २६ व्या अध्यायात वाचा, त्याचे शब्द थोडे फिरवून सांगितले आणि पुढं गर्दीनं ओरडून काम पूर्ण केलं. ज्याच्या गुरूला असं मारलं त्यानं तरी अर्धवट कापलेला व्हिडिओ पुढं पाठवू नये.

टेक्नॉलॉजीचं वावडं आम्हाला नाही. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं, ते त्या काळचं नवं शास्त्र, नवी सर्जरी घेऊनच. अहमदनगरला मिशननं १८४२ ला ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केलं, छापखाना तेव्हाचं इंटरनेटच की. एआय मी पण वापरतो. पण एकदा मयताच्या प्रार्थनेसाठी त्याला सांत्वनाची वचनं विचारली तर एक इतकं सुंदर वचन दिलं, अध्याय, क्रमांक, भाषा सगळी शास्त्रातल्यासारखी. आईचं काळ्या कव्हरचं बायबल उघडून बघतो तर तिथं ते नाहीच. माहिती देईल ते, पण साक्ष देऊ शकत नाही, त्याच्यावर काही गुदरलेलंच नसतं. कॅथलिक लोकांमध्ये यावर बरंच बोललं गेलंय. पोप फ्रान्सिस जून २०२४ ला इटलीत जी-सेव्हनच्या, म्हणजे सात बड्या देशांच्या बैठकीत म्हणाले की माणसाचा जीव घ्यायचा निर्णय कुठल्याच यंत्राकडं नको. नंतरचे पोप लिओ चौदावे, त्यांनी तर नावच त्या विचारानं घेतलं, कारण तेराव्या लिओंनी १८९१ ला कारखान्यातल्या कामगारांच्या बाजूनं पत्र लिहिलं होतं आणि आता एआयमुळं तीच वेळ आलीय असं त्यांचं म्हणणं. मी कॅथलिक नाही पण हे मला पूर्ण पटतं.

आता राजकारण. आम्ही अमुक पक्षाचे असं काही नसतं, एकाच घरात तीन मतं असतात. कैसराचं, म्हणजे रोमी बादशहाचं, कैसराला द्या आणि देवाचं देवाला, हे येशूचं वाक्य सगळे सांगतात, पण नाण्यावर कैसराचा चेहरा होता म्हणून ते त्याचं, आणि माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात. म्हणजे टॅक्स द्यायचा, कायदा पाळायचा, पण माणूस कुठल्या सरकारच्या मालकीचा नाही.

आणि खरं बोलायचं तर ते आपल्या लोकांबद्दल पण बोललं पाहिजे. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२ ला केंद्रानं यावर बालकृष्णन आयोग नेमला. मागणी न्याय्य आहे असं माझं ठाम मत, धर्म बदलला म्हणून गावानं जात विसरलेली नाही. पण सरकारला आम्ही सांगतो जात गेली नाही, आणि पाहुण्यांना सांगतो आमच्यात जात नाहीच, आणि लग्न जमवायची वेळ आली की हळूच विचारतो "मूळचे कुठले तुम्ही?" यातलं एक तर खोटी साक्ष आहे ना. हे मी मागच्या वर्षी तरुण संघाच्या मिटिंगला उभं राहून बोललो. दोघं ज्येष्ठ उठून गेले. त्यातले एक अजून बोलत नाहीत माझ्याशी, उपासनेनंतर मी सलाम करतो, ते मान वळवतात. मी करतोय सलाम.