ग्रुपवर राजकारण नको, हे ठरवण्याआधी

"मॅडम, ग्रुपवर राजकारण बंदच करून टाकू का?" हा प्रश्न समुपदेशकाकडे येतो, असं सांगितलं तर अनेकांना नवल वाटतं. पण येतो, आणि निवडणुका जवळ आल्या की फार येतो. गच्चीवर बाग करणाऱ्यांचा ग्रुप, गडकिल्ल्यांवर जाणाऱ्यांचा ग्रुप, क्रोशाकाम करणाऱ्या बायकांचा ग्रुप, जुन्या गाण्यांचा ग्रुप. माणसं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही म्हणून, घरात चिडचिड होते म्हणून, नाहीतर डॉक्टरांनी "कसलं टेन्शन घेताय?" असं विचारलं म्हणून. दोन-तीन भेटींनंतर मोबाईल टेबलावर येतो आणि खरं दुखणं कळतं. आवडीपायी जोडलेली माणसं तुटली, आणि ती तुटताना आपण नुसते बघत राहिलो.

त्यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते बँकेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले गृहस्थ. ठाणे-मुलुंड पट्ट्यातल्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. ग्रुपवर सगळे त्यांना काका म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ग्रुपचं काम साधं. रविवारी पहाटे कुठे भेटायचं, भांडुप पंपिंग स्टेशनला काय दिसलं, खाडीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरले का, फोटोतला पक्षी कोणता. निवृत्तीनंतर पहाटे उठायला काही कारण उरलं ते या ग्रुपमुळे, असं काका म्हणत. हा ग्रुप त्यांनी आणि त्यांच्या जुन्या मित्राने मिळून सुरू केला होता. ते मित्र शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळं बिनसलं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या वर्षी विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. म्हणजे पक्षीफेऱ्या आणि प्रचारफेऱ्या एकाच पंधरवड्यात आल्या. एका तरुण मुलीने ग्रुपवर विचारलं, "पाणथळ जागांबद्दल आपल्याकडचे उमेदवार काय म्हणतात, कुणी विचारलंय का?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरला विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास रोहित मेले होते. तेव्हापासून ग्रुपवर नवी मुंबईतली तळी, तिथे अडणारं भरतीचं पाणी, खाडीलगतच्या विजेच्या तारा हे विषय अधूनमधून निघत, आणि कधी कुणाचा आवाज चढला नव्हता.

या वेळी मात्र उत्तर आलं, "तुमचे लोक सत्तेत होते तेव्हा त्यांनी काय दिवे लावले?" तिथून गाडी घसरली ती रात्री दोनपर्यंत. पुढाऱ्यांची नावं, मग जात, मग धर्म, मग कुणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली याची उणीदुणी. सकाळी मास्तर ग्रुपमधून बाहेर पडलेले दिसले.

काकांनी त्याच दिवशी ग्रुप 'फक्त ॲडमिन' करून टाकला. शांतता झाली, पण पक्षी कुठे दिसला हेही कुणाला सांगता येईना. पुन्हा उघडला, तर लोक बिचकून 'सुप्रभात'च्या पुढे जाईनात. माझ्याकडे ते आले तेव्हा फेब्रुवारी लागला होता आणि रात्री तीनला उठून जुने मेसेज वाचण्याची त्यांना सवय लागली होती.

त्यांना एक भीती पोलिसांचीही होती. कुणी काही वावगं टाकलं तर ॲडमिनला धरतात, असं त्यांनी ऐकलं होतं. ही भीती मी बऱ्याच जणांत पाहते, म्हणून थोडक्यात सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा आधीचा कट असल्याचं दिसलं पाहिजे. हे ऐकून त्यांचा एक भार उतरला. दुसरा जड होता.

"मी ॲडमिन आहे. सगळ्यांना धरून ठेवणं माझं काम. मला ते जमलं नाही," ते म्हणाले.

"दीडेकशे माणसांनी रात्री दोन वाजता एकमेकांशी कसं बोलायचं, हे सांभाळायचं काम तुम्हाला कुणी दिलं?"

"दिलं असं नाही. पण ग्रुपवर भांडण होताच कामा नये ना!"

"होऊ नये असं मलाही वाटतं. पण झालं. आता?"

"आता काय, सगळं संपलं."

मी ज्या परंपरेत काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती. तिचं सार मला रोज नव्याने पटतं. घटनेने माणूस दुखावतो हे खरं, पण त्याला महिनोन्महिने जाळत राहतो तो घटनेबद्दलचा त्याचा हट्ट. काकांचे हट्ट दोन होते. माझ्या ग्रुपवर कधीही भांडण होता कामा नये, आणि झालं तर मी कुचकामी. ग्रुप गुण्यागोविंदाने चालावा ही इच्छा निरोगी आहे, ती सोडायचं काहीच कारण नाही. पण तिची सक्ती केली की माणूस दोनच गोष्टी करू शकतो, कुलूप लावणं किंवा स्वतःला कोसणं. काका दोन्ही करत होते. 'राजकारण बंद करू का' या प्रश्नामागे बहुतेक वेळा हेच असतं. नियम हवा असतो तो मनाच्या शांतीसाठी, आणि नियमाने ती मिळत नाही.

दोन भेटी या मुद्द्यावर गेल्या. त्यांना पटत होतं, पण झोप येत नव्हती. तेव्हा मी म्हटलं, "त्या रात्रीचे मेसेज इथे मोठ्याने वाचा. भांडणाचे तेवढेच नाही, संध्याकाळपासूनचे सगळे."

त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "मला पाठ झालेत ते," म्हणाले. तरी चष्मा लावला आणि वाचू लागले. उमेदवारांचा प्रश्न. त्यावरचा टोमणा. टोमण्याला टोमणा. मग सवयीने पटकन एक मेसेज ओलांडून ते पुढच्यावर गेले.

"मधला राहिला," मी म्हटलं.

"तो काही नाही, फोटो आहे. मास्तरांचा."

"वाचा ना. खाली काही लिहिलंय का?"

त्यांनी बोटाने मागे सरकवलं. "हिरवी तुतारी की ठिपकेवाली? मला भुवई डोळ्याच्या मागपर्यंत जातेय असं वाटतंय. बघा जरा." तुतारी म्हणजे पाणथळीतला एक छोटा पक्षी, हे मला तेव्हा कळलं.

"कुणी उत्तर दिलं?"

ते खाली जात राहिले. बराच वेळ. मध्ये काकांचे स्वतःचे मेसेज होते, 'कृपया शांतता राखा', पुन्हा 'कृपया शांतता राखा'. अकराच्या सुमारास मास्तरांची आणखी एक ओळ होती, "फोटो बघितला का कुणी?" तिच्या खाली कुणाच्या तरी पुढाऱ्याचा व्हिडिओ.

"राजकारणावर मास्तरांनी काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. मग मोबाईल खाली ठेवून म्हणाले, "मीसुद्धा नाही बघितला हो फोटो."

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी मोबाईल पुन्हा उचलला, फोटो मोठा केला आणि माझ्यासमोर धरला. "ही ठिपकेवालीच. हे बघा, भुवई डोळ्याच्या मागे गेलीय. हिरवीची पुढेच संपते. पाय बघा, पिवळसर. आणि पाठ, किती ठिपके आहेत! हिरवी उडाली असती तर पंखाखाली काळीकुट्ट दिसली असती." इतक्या भेटींत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आलेला मी ऐकला. मला तुतारी आणि टिटवी यांतला फरकही धड कळत नव्हता, पण समोरच्या माणसात काय बदललं ते नीट कळलं.

'मधला राहिला' एवढंच मी म्हटलं होतं, आणि ते म्हणायचं सुचलं याचं मला आजही समाधान आहे. राजकारणामुळे मास्तर दुखावले, असं काका तीन महिने धरून बसले होते. खरं तर ज्या गोष्टीसाठी ते ग्रुपवर होते, तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. त्यानंतर मी अशा अनेक भांडणांच्या गोष्टी याच कानाने ऐकल्या आहेत. विरोधी मत वाचून निघून जाणारी माणसं असतात, पण फार नसतात. आपण लावलेल्या रोपाचा, विणलेल्या स्वेटरचा, टिपलेल्या पक्ष्याचा फोटो वाहून गेला की मात्र माणूस गुपचूप उठून जातो.

"त्यांना फोन करा," मी काकांना म्हटलं. "परत या म्हणू नका. फोटोचं उत्तर द्या."

"तीन महिन्यांनी?"

"तीन महिन्यांनी."

पुढच्या भेटीला ते आले ते हसतच. फोनवर 'ठिपकेवाली' एवढंच म्हटल्यावर पलीकडून मास्तर म्हणाले होते, "पाय बघितलेस ना तू?"

आता मूळ प्रश्नाकडे येते. छंदाच्या ग्रुपवर राजकारण असावं की नसावं?

सरसकट बंदी मला मान्य नाही. काकांनी पहिल्यांदा तसाच नियम लिहून आणला होता, 'राजकीय विषय सक्त मनाई'. मी त्यांना विचारलं, ज्या खाडीकाठी तुम्ही दर रविवारी उभे असता ती टिकली कशामुळे? ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला २०१५ मध्ये, रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता २०२२ मध्ये. दोन्हींमागे सरकारी निर्णय आहेत. तिथली खारफुटी २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने राखली गेली, आणि त्यासाठी माणसांना कोर्टात जावं लागलं. हे सगळं राजकारणच आहे. ते वगळून पक्ष्यांबद्दल बोलायचं म्हणजे उद्या तळं बुजलं तरी ग्रुपवर फक्त जुने फोटो टाकत बसायचं. गडप्रेमींना अतिक्रमणाबद्दल आणि पुरातत्त्व खात्याबद्दल बोलावंच लागतं, बागवाल्यांना ओल्या कचऱ्याबद्दल महापालिकेशी भांडावंच लागतं. त्या तरुण मुलीचा प्रश्न ग्रुपचाच होता. बंदीने पहिल्यांदा तिचं तोंड बंद झालं असतं, आणि टोमणा मारणाऱ्याला फारसा फरक पडला नसता.

पण 'बोलू द्या सगळ्यांना, आपोआप शांत होतील' हेही मला पटत नाही. आपोआप कुणी शांत होत नाही, शांत माणसं तेवढी निघून जातात.

मी रेघ वेगळ्या ठिकाणी मारायला सांगते. मेसेज एखाद्या निर्णयाबद्दल आहे की माणसाच्या बाजूबद्दल? कोणती जागा, कोणतं खातं, काय ठरलं, आपण काय करू शकतो, हे ग्रुपवर खुशाल यावं, सत्तेतल्या पक्षाचं नाव घेऊन यावं. 'तुम्ही कुणाचे', 'तुमचे लोक', 'आधी हे सांगा मग बोला' असं सुरू झालं की तो धागा ॲडमिनने तिथेच तोडावा. सगळ्यांना समज देत बसू नये, ज्याने सुरू केलं त्याला वेगळा फोन करावा. चारचौघांत टोकलेला माणूस चूक मान्य करत नाही, आणखी दोन मेसेज टाकतो.

क्रोशावाल्या एका बाईंनी मला परदेशातलं उदाहरण दिलं होतं. विणकाम करणाऱ्यांच्या रॅव्हलरी या मोठ्या संकेतस्थळाने जून २०१९ मध्ये ट्रम्प आणि त्यांच्या सरकारच्या समर्थनार्थ काहीही टाकायला बंदी केली. समर्थक सदस्य राहू शकत होते, फक्त तिथे त्याबद्दल बोलायचं नाही. "आम्हीही एका बाजूला बंदी करू का?" असं त्या विचारत होत्या. मी नाही म्हटलं. लाखो अनोळखी माणसांच्या जागेला मालक असतो, तो आपली भूमिका जाहीर करतो, ज्याला पटत नाही तो दुसरीकडे जातो. तुमच्या ग्रुपवरच्या बायका एकाच दुकानातून लोकर घेतात आणि हळदीकुंकवाला एकमेकींकडे जातात. त्यांना दुसरीकडे जायला जागा कुठे आहे? तिथे एका बाजूला गप्प करणं म्हणजे शेजारणीला गप्प करणं.

काकांनी शेवटी ग्रुपच्या माहितीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं: 'पक्षी आणि त्यांच्या जागा यांच्याशी संबंधित कोणताही निर्णय इथे चर्चेला चालेल. सदस्य कोणत्या पक्षाचा हे विचारायचं नाही. फोटोला उत्तर दिल्याशिवाय वाद पुढे न्यायचा नाही.' शेवटची ओळ मी सुचवलेली नाही, ती त्यांची. नियमांचं नाव काढलं की मी आता सगळ्यांना तीच सांगते.

काही जणांना वाद घालायचाच होता. त्यांनी वेगळा 'कट्टा' काढला. काकांनी त्यात यायला नकार दिला, आणि हा नकार त्यांना आधी जमला नसता. पुढे ग्रुपवर एकदा पुन्हा खटका उडाला, एक जण निघून गेला. त्या रात्री काका झोपले.

मास्तर ग्रुपमध्ये परत आलेले नाहीत. त्यांना आता ग्रुप नको आहे, रविवारी मात्र ते येतात. काकांना हे अजून खटकतं आणि खटकेल, त्यात बिघडलेलं काही नाही. मित्राने आपल्याला हवं तिथेच परत यायला पाहिजे, असं मात्र ते आता म्हणत नाहीत.

तुमच्या ग्रुपवरूनही कुणी असं गेलं असेल आणि काय लिहावं ते सुचत नसेल, तर काही लिहू नका, फोन करा. भांडणाचा विषय काढू नका, माफीचं भाषण करू नका. जाण्याआधी त्यांनी शेवटचं काय टाकलं होतं ते वर जाऊन शोधा आणि त्याबद्दल विचारा.